क्रूझ आपल्याला बंदरावर सोडून निघून गेली तर पुढे काय? सासू-सासऱ्यांना घेऊन जातेय, मदत करा

कोथरूडची_सून

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि सासू-सासरे, सात रात्रींची भूमध्य समुद्रातली क्रूझ करतोय. बार्सिलोनाहून निघून परत बार्सिलोना, मधे मार्सेल, जिनोव्हा, नेपल्स आणि रोमसाठीचं ते चिव्हिताव्हेक्किया. बोटीच्या टूर्सचे चौघांचे मिळून रेट बघितले आणि नवरा म्हणाला आपण आपले ट्रेनने फिरू, एवढे पैसे कशाला घालायचे. मलाही पटलं होतं, पण काल एक व्हिडिओ बघितला, एक नवरा-बायको हातात पिशव्या घेऊन धक्क्यावर धावतायत आणि बोट समोरून हळूहळू सरकत चाललीय, वरून लोक ओरडतायत. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. सासरे ७२ चे आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते धावणं शक्यच नाही.

खरंच सोडून जातात का हो? आणि गेलेच तर सामान, पासपोर्ट, व्हिसा, पुढे बोट गाठणं, हे सगळं कसं होतं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

निवांत_नाशिककर

एवढं घाबरू नका ताई. फोन केला की थांबतात अर्धा तास, आपली माणसं बोटीवर आहेत म्हटल्यावर कोण सोडून जाणार.

मालवणी_दर्यावर्दी

नाशिककर, राग मानू नका पण हे असं कुणाला सांगू नका. मी अकरा वर्षं क्रूझ बोटींवर होतो, त्यातली बरीचशी सिक्युरिटीत, गँगवेवर, म्हणजे बोटीत चढ-उतार करायच्या दारावर. अर्धा तास नाही, पाच मिनिटं पण कुणी थांबेल या भरवशावर राहायचं नाही.

सूनबाई, आतून कसं चालतं ते सांगतो. तुम्ही बोटीतून उतरताना कार्ड स्कॅन होतं, परत चढताना स्कॅन होतं, त्यामुळे कोण बाहेर आहे ते आम्हाला स्क्रीनवर नावानिशी दिसतं. कागदावर जी निघायची वेळ असते तिच्या साधारण अर्धा तास आधी, कधी एक तास आधी, ऑल अबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परत आलेलं असायची वेळ. ती वेळ टळली की बोटीवर नावं पुकारतात, केबिनमध्ये फोन जातो, कारण कधीकधी माणूस आत झोपलेला असतो आणि कार्डच स्कॅन झालेलं नसतं. तरी नाही सापडला तर केबिन उघडतात, दोन-तीन जण मिळून, एकटा कुणी नाही, तिथली तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि पोर्ट एजंटच्या, म्हणजे कंपनीचं बंदरावरचं काम बघणाऱ्या माणसाच्या हातात देतात. मी स्वतः कितीदा तो लिफाफा घेऊन शिडी उतरलोय. लिफाफा खाली गेला म्हणजे समजायचं, आता बोट निघणार. बाकीचं सामान केबिनमध्येच राहतं.

कॅप्टन का थांबत नाही, तर बोट बंदरातून बाहेर काढून देणारा पायलट ठरलेल्या वेळेला आलेला असतो, त्याला त्यानंतर दुसरी बोट बघायची असते. धक्क्याचं भाडं चालू असतं, कधी त्याच जागेवर दुसरं जहाज यायचं असतं. आणि उशीर झाला तर तो पुढच्या बंदरापर्यंत भरून काढायचा म्हणजे स्पीड वाढवायचा. स्पीड दहा टक्के वाढवला की इंजिनाला ताकद जवळजवळ तेहतीस टक्के जास्त लागते, त्या हिशोबाने तेल जळतं. तीन-चार हजार लोकांचा उद्याचा दिवस चार जणांसाठी कोण खराब करणार? बघायला वाईट वाटतं, मला दर वेळी वाटायचं, विशेषतः वरून त्यांचीच माणसं हाका मारत असली की. पण एकाला थांबलो तर रोज थांबावं लागेल.

फक्त एक अपवाद. बोटीच्याच टूरने गेलात आणि बसला उशीर झाला, तर बोट शक्यतो थांबते, नाहीच जमलं तर कंपनी स्वतःच्या खर्चाने पुढच्या बंदरावर पोचवते. टूर महाग असते त्यात हा भरवसा पण असतो.

तुमच्या रूटवर व्हिसाची भीती नाही, स्पेन, फ्रान्स, इटली सगळं शेंगेन आहे, एकच व्हिसा चालतो. कुणी तुर्कीच्या कुशादासीसारखं बंदर असलेला रूट घेत असेल तर मात्र व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे परत परत आत येता येईल असा, बघूनच घ्या. सिंगल एंट्री असली आणि बोट शेंगेनबाहेर आली की ती एंट्री संपली, मग तुर्कीत अडकलात तर बोट गाठायला परत ग्रीससारख्या शेंगेन देशात शिरणार कसे?

अंधेरीची_आई

ताई, आमच्या बाबतीत हे झालंय, नेपल्सलाच, म्हणून लिहिते. मी, माझे मिस्टर आणि आठ वर्षांची मुलगी. आम्ही खाजगी व्हॅन करून सोरेंटोला गेलो होतो. साडेपाचला ऑल अबोर्ड, आम्ही साडेतीनला निघालो, दोन तास भरपूर आहेत असं वाटलं. तो समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, पुढे कुठेतरी अपघात झालेला, आणि गाड्या जागच्या हलेनात. मी गुगल मॅपकडे बघत होते आणि पोचायची वेळ दर दोन मिनिटांनी एक मिनिट पुढे जात होती. मुलगी विचारत होती, आई आपला स्विमिंग पूल जाणार का?

सहा वाजून दहा मिनिटांनी बंदरावर पोचलो. बोट तिथेच होती हो, म्हणजे दिसत होती. दोर सोडलेले आणि बोट नि धक्क्याच्या मधे पाण्याची पट्टी, आपल्या सोसायटीच्या गेटएवढी रुंद असेल. एवढंच अंतर. मी हात वर करून उभी होते आणि ती पट्टी रुंद होत गेली. मिस्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मुलीला उचलून घेतलं.

मग पिवळं जाकीट घातलेला एक माणूस आला, त्याने केबिन नंबर विचारला आणि वर दर्यावर्दी दादांनी लिहिलंय तो लिफाफा दिला. आत तिन्ही पासपोर्ट. दादा, तुमच्यासारख्याच कुणीतरी तो खाली आणून दिला असणार, तेव्हा आभार मानायला कुणी समोर नव्हतं, आज तुमचे मानते. तो लिफाफा नसता तर त्या रात्री हॉटेलसुद्धा मिळालं नसतं, इटलीत पासपोर्ट दाखवल्याशिवाय रूम देत नाहीत.

पण लिफाफ्यात पासपोर्टच होते. मिस्टरांच्या बीपीच्या गोळ्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये, मुलीचं स्वेटर कपाटात, फोनचा चार्जर भिंतीला लावलेला. रात्रभर मला बोटीपेक्षा त्या गोळ्यांचं टेन्शन जास्त होतं.

आमचं नशीब की दुसऱ्या दिवशीचं बंदर चिव्हिताव्हेक्किया होतं, समुद्र ओलांडायचा नव्हता. नेपल्सहून फास्ट ट्रेनने सव्वा तासात रोम, तेर्मिनी स्टेशनजवळ एक रात्र, सकाळी साध्या ट्रेनने चिव्हिताव्हेक्किया, तिथून थोडं चालून बंदराची शटल बस. ऐनवेळची तिकिटं, हॉटेल, टॅक्सी, खाणं धरून पंचेचाळीस हजाराच्या आसपास गेले, सगळे आमच्या खिशातून. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं, फिरताना स्वतःहून झालेला उशीर पॉलिसीत बसत नाही. केबिनमध्ये शिरलो तर बेडवर आदल्या रात्रीचा टॉवेलचा हत्ती तसाच बसलेला. मुलगी त्याला मिठी मारून रडली आणि मग मीही.

जर्सीकर

अंधेरीच्या ताईंना निदान ट्रेन मिळाली. मार्च २०२४ मध्ये नॉर्वेजियन डॉन बोटीचं झालं ते आठवत असेल, आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी राहिले, खाजगी टूरने गेले होते. बातम्यांत होतं की कोस्ट गार्डने त्यांना बोटीजवळ नेलं, बोट अजून नांगरावरच होती, तरी आत घेतलं नाही. त्यांच्यात वयस्कर मंडळी होती, एक गरोदर बाई होती. कसेबसे गॅम्बियाला पोचले तर ओहोटीमुळे बोट तिथे लागलीच नाही. शेवटी सेनेगलला, डकारमध्ये बोट सापडली. म्हणून पुढचं बंदर कुठलं आहे आणि तिथे जमिनीवरून जाता येतं का, हे उतरायच्या आधी बघून ठेवाच.

अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. घड्याळ. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून मेक्सिकोतल्या कोझुमेलला गेलात आणि बोटीने फ्लोरिडाचीच वेळ ठेवली, तर तिथे उतरल्यावर मोबाईल आपोआप एक तास मागे जातो, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाहीत. फोनवर चार म्हणजे बोटीवर पाच. साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून घाला. आणि दुसरं, सिएटलहून अलास्काची बोट चुकली तर विमानाने अलास्कातल्या जुनोला जाऊन चढू असं सगळ्यांना वाटतं, पण १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून चढवून दुसऱ्या बंदरात (इथे जुनोत चढवून सिएटलला) माणूस उतरवता येत नाही, म्हणून कंपनी बहुतेक नाहीच म्हणते. माझ्या मेव्हण्याची अख्खी ट्रिप त्यात गेली, विमान त्याच दिवशीचं घेतलं होतं आणि ते लेट झालं. तुम्ही बार्सिलोनाला एक दिवस आधी पोचा बरं का.

कोथरूडची_सून

अंधेरीच्या ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. दादा, काका, तुमचेही खूप आभार. बार्सिलोनाची फ्लाईट आदल्या दिवशीचीच आहे. घरात सगळ्यांना बसवून तुमचे रिप्लाय वाचून दाखवले, सासरे म्हणाले रोमला आपण बोटीच्या बसनेच जाऊ, पैसे मी देतो. नेपल्सला मात्र आपलं आपण, पण लांब जायचं नाही. तिथे जवळपास काही बघण्यासारखं आहे का? आणि सोबत काय काय ठेवू?

मालवणी_दर्यावर्दी

नेपल्सला बंदर शहरातच आहे, टर्मिनलच्या बाहेर पडलात की समोर कास्तेल नुओवो किल्ला, तिथून गॅलेरिया उंबेर्तो आणि प्लेबिशितोचा मोठा चौक, सगळं चालत. काकांना दर थोड्या वेळाने बसवा, कॉफी पाजा, तिथली कॉफी चांगली असते.

सोबत: पासपोर्ट बोटीने ठेवून घेतले नसतील तर ते, घेतले असतील तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या रंगीत झेरॉक्स. सगळ्यांची तीन दिवसांची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, एकाच्या नाही तर दोघांच्या पिशवीत वाटून. एक कार्ड, थोडे युरो, चार्जर. आणि रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद येतो, त्याच्यावर पोर्ट एजंटचा नंबर असतो, तो फोटो काढून ठेवू नका, पेनाने वहीत लिहा, कारण फोन नेमका तेव्हाच बंद पडलेला असतो. काकूंच्या पर्समध्ये ठेवा ती वही.