अनुभव धागा: व्यायाम आज, बोंबाबोंब परवा

मेहरूणकाठ
शेजारचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. नव्या सरांनी बैठका, उड्या, टेकडी सगळं एकदम लावलं. काल जिना उतरताना कठडा धरून एकेका पायरीला 'आई गं'. त्याला बघून आमचा एनसीसी कॅम्प आठवला. लळिंगचा किल्ला चढताना सगळे जोशात, उतरून रात्री शेवभाजी हाणली, ठणठणीत. दुसऱ्या संध्याकाळपासून मांड्या भरून आल्या आणि तिसऱ्या दिवशी परेडला 'सावधान' म्हटलं की अख्खी पलटण कण्हायची. तुमचेही येऊ द्या.

रावेरकर
घरात संडास भारतीय पद्धतीचा. एवढंच लिहितो.

मेहरूणकाठ
हाहाहा, पोचलं भो.

खापरवाली काकू, धुळे
सूनबाईंच्या आग्रहाने झुंबाला गेले. मग दोन दिवस हसलं तरी पोट दुखे, आणि नेमकी तेव्हाच नणंद मुक्कामाला, तिची तोंडाची टकळी बंद होईना. पण खरं सांगू, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरच्या, म्हणजे मातीच्या पालथ्या भांड्यावरच्या पुरणपोळ्या केल्या की दंड याहून जास्त धरतात. हातावर एवढी मोठी पोळी फिरवायची म्हणजे काय चेष्टा आहे का!

पुण्यातला खान्देशी
काकू, खापर पुण्यात कुठे मिळेल?

लॅक्टिक
लॅक्टिक ॲसिड साचतं हो. भरपूर पाणी प्या, निघून जातं.

फिजिओताई
हे क्लिनिकमध्ये रोज ऐकते. लॅक्टिक ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून जातं, परवाच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. स्नायू लांबत असतानाच त्याला जोर लावावा लागला, की तंतूंना बारीक इजा होते आणि मागून सूज येते. बैठकीत खाली जाताना, वजन हळू खाली आणताना, उतारावर. म्हणजे मेहरूणकाठ, तुम्हाला लळिंगची चढण नाही, उतरण भोवली. साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होतं, 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त, मग आपोआप ओसरतं. काही आठवड्यांत तोच व्यायाम पुन्हा केलात तर बराच कमी त्रास होतो. त्या पोराला सांगा, सोडू नको, फक्त थोडं थोडं वाढव.

तापीथडी
मन्ही माय दिनभर कापूस येचस, तिले काई व्हत नही. मी जिमले गऊ त आडा पडनू.

फिजिओताई
तिला सवय आहे दादा. हंगामातल्या पहिल्या वेचणीचं विचारा बरं.

तापीथडी
इचारं ताई. म्हने, 'पहिले चार दिन कंबर मोडस, कोनले सांगू?'

रावेरकर
…

गडावर पायी
चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांना विचारा. चालत राहिलं तर दुखणं दबतं. चहाला टेकलात की संपलात, मग दोघांनी धरून उठवायचं. ताई, बरोबर ना?

फिजिओताई
हो, हलक्या हालचालीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तालीमवाला
आमच्याकडे गोळीबिळी नाही. तिळाचं तेल कोमट करून वस्ताद स्वतः रगडायचे. मालिशच जास्त दुखायची.

भरती ग्रुप
थोडं गंभीर लिहितो. रूममेटने पैज लावून मे महिन्यात भर उन्हात बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या टम्म सुजल्या, आणि लघवी कोऱ्या चहासारखी. ॲडमिट केलं, सलाइनवर सलाइन. आता ठीक आहे.

फिजिओताई
हे सगळ्यांनी वाचा. हे साधं अंग आंबणं नव्हे. स्नायू फार मोडले की त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि अंगात पाणी कमी असताना दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याही मूत्रपिंडालाच जड जातात. आपल्याकडचा उन्हाळा माहीत आहे ना?

मेहरूणकाठ
पोराला आत्ताच वाचून दाखवलं. आता पहाटे पाचला मैदानात जातो म्हणतोय.

पुण्यातला खान्देशी
काकू, खापर?

खापरवाली काकू, धुळे
अरे हो, राहिलंच. कुरिअरने मागवू नकोस, फुटतं. इकडे येशील तेव्हा आधी कळव, ओळखीच्या कुंभाराकडून दोन आणून ठेवते. एखादं पहिल्याच जाळाला तडकतं.