उत्तर मिनेसोटात पक्षी पाहण्यासाठी मे महिन्यातील कोणता आठवडा निवडावा?

नाशिककर_मिनिआपोलिस
माझे आईवडील मे महिन्यात आमच्याकडे येत आहेत. वडिलांनी निवृत्तीनंतरचे जवळजवळ सगळे हिवाळे नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर दुर्बीण लावून काढले असल्यामुळे त्यांना इथले मॉल दाखवून भागणार नाही. मिनेसोटाचा राज्यपक्षी असलेला लून हा पाणपक्षी आणि स्थलांतर करून येणारे वॉर्ब्लर नावाचे चिमुकले रंगीत पक्षी, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय आपण परत जाणार नाही, असे त्यांनी फोनवरच बजावले आहे. मला मिळून चार दिवसांची रजा आहे. गेल्या वर्षी मी एप्रिलच्या अखेरीस उत्तरेकडे गेलो होतो, तेव्हा तळ्यांवर अजून करडा बर्फ होता आणि दोन दिवसांत पदरी पडले ते कॅनडा हंस व सर्दी. वडिलांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, हे लक्षात घेऊन आठवडा आणि ठिकाण सुचवावे.

टिबुकली
लूनसाठी घाई करण्याचे कारण नाही. तळ्याचा बर्फ फुटला की ते एकदोन दिवसांतच उतरतात आणि मग सप्टेंबरपर्यंत तिथेच असतात. खरी अडचण वॉर्ब्लरची आहे, कारण ते आले पाहिजेत आणि झाडांना पूर्ण पालवी फुटलेलीही नसली पाहिजे. एकदा बर्च आणि अ‍ॅस्पेनची पाने मोठी झाली की शेंड्यावरचा चार इंची पक्षी केवळ ऐकण्यापुरता उरतो. हा मेळ उत्तरेकडे साधारण १८ ते २५ मेच्या दरम्यान बसतो. त्याआधी मासेमारीचा हंगाम उघडतो आणि नंतर मेमोरियल डेची सुट्टी येते. या दोन्ही शनिवार-रविवारी तळ्यांवर मोटरबोटींची जत्रा असते, म्हणून मधले सोमवार ते गुरुवार घ्यावेत. चिलटांसारख्या चावऱ्या काळ्या माश्याही याच सुमारास सुरू होतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

ठिकाण म्हणाल तर इटास्का राज्य उद्यान. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात मिसिसिपीचा उगम आहे, जुने उंच पाइन आहेत, शंभराहून अधिक तळी आहेत आणि बरेचसे गाडीतून पाहता येते.

उंबराचे_फूल
इटास्का उत्तमच, पण चारांपैकी एक सकाळ दुलुथच्या पार्क पॉइंटसाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. लेक सुपीरिअरमध्ये घुसलेली ही वाळूची लांब पट्टी आहे. रात्रभर उडत आलेले पक्षी पहाटे धुक्यात किंवा पूर्वेच्या गार वाऱ्यात सापडले की तिथल्या झुडपांत उतरतात. थंडीत उंच फांद्यांवर किडे मिळत नाहीत, पाण्याकाठी मिळतात. त्यामुळे एरवी मान मोडेपर्यंत वर पाहायला लावणारे पक्षी गुडघ्याएवढ्या उंचीवर येतात. मी एकदा अशाच कुंद सकाळी घडीची खुर्ची टाकून बसलो होतो. दहा हातांवरच्या विलोवर ब्लॅकबर्नियन वॉर्ब्लरचा नर होता, गळा फुंकलेल्या निखाऱ्यासारखा, आणि दुर्बिणीने जवळचे दिसेना म्हणून मी ती खाली ठेवली. अँडीजच्या डोंगरांतून आलेला तो जीव माझ्याकडे ढुंकूनही न पाहता फांदीची सालटे तपासत होता. हवामान खराब आहे म्हणून बेत रद्द करू नका, हाच माझा मुख्य सल्ला. खुर्ची मात्र न्यावी.

वडिलांना आधीच सांगून ठेवा की हे आपले वटवटे नव्हेत; इंग्रजीत दोघांनाही वॉर्ब्लरच म्हणत असले तरी कुळ वेगळे आहे. शिवाय याच ब्लॅकबर्नियनच्या गाण्याचा शेवट इतका तार स्वरात जातो की वय झालेल्या कानांना तो बहुधा ऐकूच येत नाही. तिथे आवाजावरून पक्षी ओळखणारे मर्लिन हे अ‍ॅप कामाला येते. त्याने ऐकावे, आपण शोधावे. पण फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, कारण विणीच्या दिवसांत नर आपला उद्योग सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो.

काठावरचा
लूनबद्दल थोडे. वडिलांनी पाणकावळे भरपूर पाहिले असतील, त्यामुळे त्याची बुडी त्यांना ओळखीची वाटेल. मात्र याची हाडे इतर पक्ष्यांसारखी पोकळ नसून बरीचशी भरीव असतात आणि पाय पार शेपटीशी असतात. म्हणूनच जमिनीवर तो जेमतेम सरपटतो आणि उडायचे झाले तर पाण्यावरून बराच वेळ धावत जातो. त्याचा थरथरता, हसल्यासारखा आवाज पर्यटकांना फार आवडतो, पण तो भीतीचा असतो. नाव वल्हवताना तो ऐकू आला, किंवा काठावरच्या घरट्यात बसलेल्या पक्ष्याने मान लांब करून पाण्यालगत टेकवली, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. संध्याकाळचा लांब, एकसुरी हाकारा वेगळा; तो जोडीदारासाठी असतो आणि खोलीची खिडकी उघडी ठेवली तर रात्री अंथरुणातूनही ऐकू येतो.

नाशिककर_मिनिआपोलिस
सर्वांचे आभार. मधल्या आठवड्याचे सोमवार ते गुरुवार नक्की केले आहेत. पहिली सकाळ पार्क पॉइंटला आणि पुढचे तीन दिवस इटास्काला. वडिलांना हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले की घडीची खुर्ची तिकडे मिळेल, की नाशिकहून घेऊन येऊ.