शेजाऱ्यांचा औदुंबर आमच्या मागच्या दारात: फांद्या उतरवायच्या की नाही?

कृष्णाकाठ
सांगलीत आमचं बैठं घर आहे. शेजारच्या काकांच्या परड्यात भिंतीला लागून औदुंबर आहे. त्याच्या दोन मोठ्या फांद्या आमच्या न्हाणीच्या पत्र्यावर आणि मागच्या दारावर आल्यात. ज्यांच्या शेजारी उंबर नाही त्यांना यातला त्रास कळणार नाही. वर्षातून अनेकदा बहर येतो, खोडाला नि फांद्यांना फळं लगडतात, पिकली की रात्रभर पत्र्यावर टपटप. सकाळी दारात लालसर चिखल, त्यावर चिलटं, भिंतीवर वटवाघळांच्या विष्ठेचे ओघळ. पानांनी पन्हळ तुंबून गेल्या पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरलं. श्रावणात आई पिचलेल्या उंबरांवरून घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

काकांना तीनदा सांगून झालं. दर गुरुवारी ते झाडाला पाणी घालून प्रदक्षिणा घालतात. "दत्ताचं झाड आहे, कोयता लावू देणार नाही," एवढंच उत्तर. त्यांच्या श्रद्धेबद्दल तक्रार नाही, आम्हीही वाडीला जातो. पण पूजा त्यांची आणि झाडलोट ७२ वर्षांच्या माझ्या आईची, हे मला पटत नाही. आमच्या हद्दीत आलेल्या फांद्या न विचारता उतरवाव्यात असं माझं मत झालंय. तुमचं काय म्हणणं?

वाडीची लेक
माझं माहेर नरसोबाच्या वाडीचं, त्यामुळे मी काकांच्या बाजूनं बोलणार. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह ज्या झाडानं शमवला ते हे झाड, असं लहानपणापासून ऐकलंय. पण श्रद्धा बाजूला ठेवा. कडक उन्हाळ्यात बाकी झाडांवर खायला काही नसतं तेव्हा उंबर फळलेला असतो. तांबट, कोकीळ, बुलबुल, आपला राज्यपक्षी हरियाल, सगळे त्यावर येतात. तुम्ही घाण म्हणता ते त्यांचं अन्न आहे. पत्र्याच्या वर जाळी ताणा, पन्हळीला जाळी बसवा. आणि एक सांगा, झाड आधीचं की तुमची न्हाणी?

कृष्णाकाठ
झाड आधीचं, हे खरं. पण वडिलांनी न्हाणी बांधली तेव्हा फांद्या भिंतीच्या पलीकडेच होत्या. जाळी आम्ही लावली होती. फळांच्या वजनानं दोन महिन्यांत झोळ पडला आणि सगळं त्यातच कुजलं. वास घरभर. ताई, पक्षी मलाही हवेत. झाड तोडा असं मी म्हटलेलंच नाही.

सनद
कायद्याचं सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. आपल्या जागेवर आलेली फांदी हा उपद्रव आहे आणि शेजाऱ्याच्या जागेत पाय न ठेवता ती हद्दीपर्यंत कापता येते, हे तत्त्व जुनं आहे. इंग्लंडमध्ये लेमन विरुद्ध वेब खटल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मान्य झालं. तेवढं वाचून लोक करवत घेतात. पण सांगली महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत कापणं, जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं येतं. म्हणजे काकांना विचारलं नाही तरी वृक्ष अधिकाऱ्याला विचारावंच लागेल. फोटो जोडून लेखी अर्ज करा. आईंच्या अपघाताचे दवाखान्याचे कागदही जोडा.

पानगळ
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे झाडवाला. माझ्या आंब्याची एक अख्खी बाजू शेजाऱ्यांनी मी गावाला गेलो असताना उतरवली. कुणीतरी कोयत्यानं घाव घातले होते, फांदी मोडून लोंबली आणि खोडाची साल हातभर सोलून निघाली. पुढच्या पावसात तिथे कूज लागली. त्यांनी विचारलं असतं तर मजुरी मी दिली असती. आज आमचं बोलणं नाही, आणि आंबाही पहिल्यासारखा राहिला नाही. न विचारता हा शब्द तेवढा मागे घ्या.

कृष्णाकाठ
पण तुम्ही मजुरी दिली असती. आमचे काका ऐकूनच घेत नाहीत. तीनदा विचारल्यानंतरही 'न विचारता' म्हणायचं का?

बागवान
३० वर्षं छाटणीची कामं करतोय. भिंतीच्या रेषेत सरळ कापू नका. एका अंगाचा सगळा भार गेला की झाड दुसरीकडे कलतं आणि वादळात काकांच्याच घरावर पडायची भीती. एका वेळी चौथ्या हिश्श्याहून जास्त पाला काढू नये. जाड फांदीला आधी खालून खाच द्यायची, मग थोडं पुढे सरकून वरून कापायची, उरलेला खुंट शेवटी बुंध्याजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता काढायचा. मग पानगळ यांच्या आंब्यासारखी साल सोलत नाही. हे नीट करायचं तर माणूस झाडावर चढलाच पाहिजे, म्हणजे काकांच्या परड्यातूनच. त्यामुळे काकांशिवाय नीट छाटणी होणारच नाही.

वाडीची लेक
बागवान यांचं पटलं. तरी कोयता लावण्याआधी फांद्यांवर घरटं आहे का बघा. आणि काकांना गुरुवारी सांगायला जाऊ नका.

कृष्णाकाठ
कालच शिडीवरून पाहिलं, आमच्या बाजूला घरटं नाही. न विचारता कापणार नाही, एवढं मागे घेते. रविवारी आईला बरोबर घेऊन जाणार आहे, तिचा हात काकांनी अजून पाहिलेला नाही. छाटणीचा खर्च माझा, पण भिंतीच्या अलीकडे पडलेली उंबरं दिवसाआड त्यांच्याकडच्या कुणीतरी येऊन उचलायची, हे मी मागणारच. नाही म्हणाले तर सोमवारी महापालिकेत माझ्या नावानं अर्ज.