अनुभव धागा: सहा महिन्यांची नोकरी, एकवीस वर्षांचं आयुष्य

१६ डिसेंबर म्हटलं की ढाक्याची शरणागती आठवते. त्याच दिवशी पश्चिमेला, शकरगढ भागात बसंतरच्या लढाईत, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पडले. जन्म पुण्याचा. १३ जून १९७१ ला १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये कमिशन आणि सहा महिन्यांत मरणोत्तर परमवीरचक्र. आपण नाशिककर लष्कराच्या शेजारी वाढलो. त्यांची गोष्ट तुमच्यापर्यंत कशी पोहोचली ते लिहा. लांबलं तरी चालेल.

नाशिक रोड, निवृत्त सैनिक
मी रणगाडा दलातला. नगरला ट्रेनिंगमध्ये उस्तादांकडून हे ऐकलं. खेतरपालसाहेब तिथेच यंग ऑफिसर्स कोर्सला होते. लढाई तोंडावर आली आणि कोर्स अर्धा टाकून ते रेजिमेंटला गेले. त्यांचा टँक सेंच्युरियन. आत चौघं, भोवती गोळे, मागे पेट्रोलचं इंजिन. अशा गाडीने पेट घेतला की बाहेर उडी मारायची, हेच शिकवलेलं असतं. त्यांच्या टँकने पेट घेतला तेव्हा वरूनही रेडिओवर तसाच हुकूम आला. गन अजून चालतेय, टँक सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि फायर चालू ठेवला. समोरचे टँक तिथून पुढे सरकू शकले नाहीत. त्याच टँकमध्ये सवार (म्हणजे रणगाडा दलातले शिपाई) नंद सिंगही गेले. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. ‘फामागुस्ता’ हा तो टँक नगरला जपून ठेवलाय.

लॅम रोड, देवळाली
आमचं शिलाईचं दुकान. आर्टिलरी स्कूलमध्ये कोर्सला येणारे लेफ्टनंट वर्दी घेऊन येतात. ओठांवर नुकती मिशी, आणि "अंकल, कमरेत थोडी दाबा" म्हणून हट्ट. खेतरपाल याच वयाचे होते. माझे वडील या पोरांना ‘साहेब’ म्हणत. मीही म्हणतो.

सिडको
मला त्यांच्या आईवडिलांबद्दल लिहायचंय. १७ डिसेंबरला युद्ध थांबलं. त्याच दिवशी जम्मूतल्या सांब्याजवळ त्यांना अग्नी दिला. घरी कळलं २६ तारखेला. म्हणजे लढाई संपली, आता पोरगा येईल, या आशेवर ते घर कितीतरी दिवस होतं! हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. २००१ मध्ये वडील, ब्रिगेडियर खेतरपाल, पाकिस्तानात सरगोध्याचं आपलं जुनं गाव बघायला गेले. लाहोरला ज्या पाकिस्तानी ब्रिगेडियर नासर यांच्या घरी उतरले, त्यांनीच शेवटी सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्या माणसाच्या घरचं जेवून हे ऐकून घेणं कसं जमलं असेल?

माझा मुलगा एनडीएची तयारी करतोय. मी त्याला अडवणार नाही. पण इथे ज्यांची मुलं सीमेवर आहेत अशा आया असतील, तर त्यांनी जरूर लिहा. मला वाचायचंय.