मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजचा स्टार क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का, हे कशावरून ओळखायचं?

टिम टीबोने फ्लोरिडा विद्यापीठाकडून 2007ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकली. 2010मध्ये डेन्व्हरच्या एनएफएल संघाने त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्याच फेरीत घेतलं, पण चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन फेकायची सवय काही सुटली नाही. तेवढ्या वेळात कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला अडवणारा बचावपटू) चेंडूवर झडप घालतो. 2011मध्ये त्याचे जेमतेम 46.5 टक्के पास पूर्ण झाले. लमार जॅक्सनही टीबोसारखा स्वतः चेंडू घेऊन पळणारा क्वार्टरबॅकच, तोही हाइझमनवाला. बाल्टिमोरने आक्रमणच त्याच्याभोवती रचलं आणि 2019चा एमव्हीपी (लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू) तो ठरला.

मग कॉलेजचे सामने बघताना नेमकं काय मोजावं? स्क्रीन पास (जवळच दिलेले सोपे, आखूड पास) वगळून, तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसऱ्या वेळी) सात-आठ यार्ड हवे असताना पॉकेटमधून, म्हणजे सहकाऱ्यांनी केलेल्या संरक्षक कड्यातून, केलेले थ्रो पुरेसे आहेत? की पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) अडल्यावर नजर दुसऱ्याकडे किती झटकन वळते, ते? टीव्हीवर मागचे सेफ्टी (सर्वात मागे उभे राहणारे बचावपटू) दिसतच नाहीत. पूर्ण मैदानाचं चित्रण कुठे मिळेल?