बुळकांडी गेली, पण बर्फाच्या बळावर
लस आली आणि बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, गेली, असं म्हटलं जातं. मधली पायरी राहून जाते. १९२०च्या दशकात उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी विषाणू एका शेळीतून दुसरीत नेत सौम्य केला. बाधित शेळीची प्लीहा (पानथरी) बारीक वाटून लस व्हायची. देशी बैलांना ती झेपायची, संकरित गाईंना मात्र जड जायची. पुढे केनियात पशुवैद्यक प्लाउराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवला: एकच टोचणी, संरक्षण दीर्घकाळ. अडचण बर्फाची. लसीची वाळवलेली पूड गार सलाइनमध्ये विरघळवली की काही तासांतच संपवायची. कुपी उन्हात राहिली की लसीतला विषाणू मेला, लस निकामी. जनावर टोचलेलं, पण उघडंच. नोंदवहीत मात्र 'लसीकरण पूर्ण'! म्हणूनच टोचल्यावर संरक्षण खरंच आलं का, हे रक्तजल (रक्तातला द्रव भाग) तपासून पाहणं गरजेचं ठरलं. भारतातली शेवटची लागण १९९५ची. जग मुक्त जाहीर झालं २०११ मध्ये.