हिरवा, ऊलाँग, काळा: झाडे वेगळी की प्रक्रिया?

प्रश्न (इंदूर): सियागंज बाजारात दाणेदार आसाम चहा सहज मिळतो, परंतु हिरवा, ऊलाँग आणि काळा चहा यांची झाडेच वेगळी असतात काय?

उत्तर १: नाही. कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीची ही पाने असून, तोडणीनंतर त्यांचे ऑक्सिडीकरण (हवेतील ऑक्सिजनशी होणारी रासायनिक क्रिया) किती होऊ दिले जाते, यावर प्रकार ठरतो: हिरव्या चहात उष्णता देऊन ते लगेच थांबवतात, ऊलाँगमध्ये अर्धवट होऊ देतात, काळ्यात जवळजवळ पूर्ण.

उत्तर २: आपला दाणेदार चहा सीटीसी (क्रश, टिअर, कर्ल म्हणजे चिरडणे, फाडणे, वळवणे) पद्धतीचा, दातेरी रुळांत पान चिरडले जाते, म्हणून दुधातही त्याचा कडकपणा टिकतो. दार्जिलिंगचा पहिल्या तोडणीचा चहा मात्र कृपया दुधात उकळू नये. त्याचा नाजूक सुगंधच हरवतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हिरव्या चहासाठी पाणी उकळते हवे काय?

उत्तर १: सुमारे ८० अंश सेल्सिअस पुरेसे, अधिक तापल्यास कडवटपणा उतरतो.